डच भूमीवरचे स्कॉटिश न्यायालय

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहराजवळ सोस्टरबर्ग नावाचा लष्करी विमानतळ होता. त्याला लागून असलेल्या कॅम्प झाइस्ट या जागी शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेच्या हवाई दलाचा तळ होता. अमेरिकन सैनिक मायदेशी गेले आणि तिथल्या इमारती ओस पडल्या. १९९९ साली मात्र त्या आवाराभोवती नवे कुंपण पडले. स्कॉटलंडचे पोलीस आले, स्कॉटलंडच्या तुरुंगातले पहारेकरी आले, मागोमाग विग आणि झगे घातलेले स्कॉटलंडचे न्यायाधीश आले. पुढची तीन वर्षे त्या आवारात स्कॉटलंडचा फौजदारी कायदा चालला. यजमान असलेल्या डच अधिकाऱ्यांनाही आत जायचे तर परवानगी घ्यावी लागे. एका देशाचे सर्वोच्च फौजदारी न्यायालय दुसऱ्या देशात भरलेले, पिंजऱ्यात तिसऱ्या देशाचे नागरिक, आणि ज्यांच्या खुनाचा खटला चालू आहे त्या मृतांत एकवीस देशांची माणसे. असा खटला जगाने त्याआधी पाहिला नव्हता.

दहशतवादी हल्ला झाला की काही तासांत जगभरच्या राजधान्यांतून शोकसंदेश येतात. संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद निषेधाचे निवेदन काढते. फार झाले तर एखादा राजदूत माघारी बोलावला जातो, एखादी वकिलात बंद होते. बहुतेक हल्ल्यांच्या बाबतीत राजनय इथेच थांबतो आणि पुढचे सगळे भिजत घोंगडे पडते. लॉकरबीवर पाडलेल्या विमानाच्या बाबतीत तसे झाले नाही; कॅम्प झाइस्टचा खटला त्याचाच होता. संशयितांवर एका सार्वभौम देशाच्या गुप्तहेर खात्यासाठी काम केल्याचा आरोप होता, तो देश त्यांना सोपवायला तयार नव्हता, आणि तरीही त्यांच्यासाठी युद्ध न पुकारता ते न्यायाधीशांपुढे उभे राहिले. हे कसे साधले, त्याची किंमत कोणी मोजली आणि कोणाच्या पदरात काहीच पडले नाही, हे मराठी वाचकाने नीट जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते. मुंबईने असे घाव वारंवार सोसले आहेत, आणि या कहाणीचा एक धागा थेट मुंबईच्या विमानतळाशी जोडलेला आहे.

२१ डिसेंबर १९८८. नाताळ चार दिवसांवर आला होता. पॅन ॲम कंपनीचे १०३ क्रमांकाचे विमान संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी लंडनच्या हीथ्रोवरून न्यूयॉर्ककडे निघाले. ते बोइंग ७४७ जातीचे होते आणि त्याचे नाव ‘क्लिपर मेड ऑफ द सीज’ असे होते. सात वाजून गेल्यावर दोन-तीन मिनिटांतच, ३१ हजार फुटांवर, त्याच्या सामानाच्या कप्प्यात स्फोट झाला. खाली दक्षिण स्कॉटलंडमधले लॉकरबी हे छोटे गाव होते. विमानातले सर्व २५९ जण मरण पावले. पंखांचा आणि इंधनाच्या टाक्यांचा भाग शेरवुड क्रेसेंट या गल्लीवर कोसळला, तिथे मोठा खड्डा पडला, आग भडकली आणि गावातले ११ रहिवासी गेले. एकूण बळी २७०. त्यांतले १९० अमेरिकन होते. सिराक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी युरोपातले सत्र संपवून सणासाठी घरी निघाले होते.

त्याच विमानात बर्न्ट कार्लसन नावाचे स्वीडिश मुत्सद्दी होते. नामिबियासाठी नेमलेले ते संयुक्त राष्ट्रांचे आयुक्त. नामिबियाच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी करणाऱ्या करारावर दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये सह्या व्हायच्या होत्या आणि त्या समारंभाला ते चालले होते. सह्या ठरल्याप्रमाणे झाल्या. कार्लसन तिथे नव्हते.

मृतांचे सामान मैलोन्‌मैल शेतांत आणि रानात विखुरले होते. पोलिसांना पुरावा म्हणून हवे होते तेवढे त्यांनी ठेवले. उरलेले कपडे चिखलाने, रक्ताने आणि विमानाच्या इंधनाने माखलेले. ते तसेच पोत्यात भरून अमेरिकेला धाडणे सोपे होते. लॉकरबीच्या बायकांनी ते होऊ दिले नाही. त्यांनी एकेक कपडा धुतला, वाळवला, इस्त्री केला, घडी घातली आणि मग तो नातेवाइकांकडे पाठवला. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशा पोरांचे सदरे आणि स्वेटर त्या आईच्या हाताने आवरत होत्या. सरकारांच्या वाटाघाटी अजून दूर होत्या, तेव्हा दोन देशांमधले सर्वांत टिकाऊ नाते त्या धुणीघरात जुळले. आजही लॉकरबीच्या शाळेतले विद्यार्थी दरवर्षी शिष्यवृत्तीवर सिराक्यूजला शिकायला जातात. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत जे स्मारक उभे आहे, ते लॉकरबीजवळच्या खाणीतून आणलेल्या तांबड्या दगडांच्या २७० चिऱ्यांचे आहे.

तपासाची जबाबदारी पडली डम्फ्रीज अँड गॅलोवे पोलिसांवर, म्हणजे स्कॉटलंडमधल्या सर्वांत छोट्या पोलीस दलावर. अवशेष सुमारे २,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले होते. पोलीस, सैनिक आणि स्वयंसेवक ओळीने चालत एकेक तुकडा वेचत गेले. त्यातून कळले की बॉम्ब सेमटेक्स या स्फोटकाचा होता, तोशिबा कंपनीच्या रेडिओ-कॅसेट रेकॉर्डरमध्ये दडवला होता आणि तो तपकिरी सॅमसोनाइट बॅगेत ठेवला होता. बॅगेतल्या कपड्यांच्या चिंध्याही सापडल्या. एका तान्ह्या बाळाच्या झबल्यावरचा लेबलाचा तुकडा माल्टाकडे बोट दाखवत होता. तपास माल्टातल्या स्लिमा गावच्या ‘मेरीज हाउस’ नावाच्या कापड दुकानापर्यंत पोचला. एका जळक्या सदऱ्याच्या तुकड्यात बोटाच्या नखाएवढा सर्किट बोर्डचा कपचा अडकलेला होता. झुरिकच्या एका कंपनीने बनवलेल्या टायमरशी तो जुळतो आणि असे टायमर लिबियाला विकले गेले होते, असे तपास यंत्रणांचे म्हणणे पडले.

पहिला संशय इराणवर होता. त्याच वर्षी ३ जुलैला अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले होते आणि २९० जण मेले होते, त्यामुळे सूडाचा हेतू समोर दिसत होता. पण लिबियाकडेही कारण होते. एप्रिल १९८६ मध्ये बर्लिनच्या ‘ला बेल’ या नाचगृहात स्फोट झाला, अमेरिकेने त्याचा ठपका लिबियावर ठेवला आणि दहा दिवसांत त्रिपोली व बेंगाझीवर बॉम्ब टाकले. त्या हल्ल्याचा परिणाम काय झाला? लिबियाचे सर्वेसर्वा मुअम्मर गद्दाफी नमले नाहीत. लॉकरबीवरचे विमान त्यानंतर अडीच वर्षांनी पडले. बॉम्बला बॉम्बने उत्तर देऊन पाहिले होते आणि त्याने काही थांबले नव्हते, ही गोष्ट पुढचे सगळे समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिका आणि स्कॉटलंडने एकाच वेळी दोन लिबियन माणसांवर आरोप ठेवले. अब्देलबासेत अल-मेग्राही हे लिबियन अरब एअरलाइन्सचे सुरक्षा प्रमुख राहिले होते, तर अल-अमीन खलिफा फहिमा हे त्याच कंपनीचे माल्टातले व्यवस्थापक होते. त्यांना आमच्या हवाली करा, अशी मागणी झाली. ब्रिटनचे तर लिबियाशी राजनैतिक संबंधच नव्हते. १९८४ साली लंडनमधल्या लिबियाच्या वकिलातीतून झालेल्या गोळीबारात इव्हॉन फ्लेचर ही तरुण पोलीस शिपाई मारली गेली होती. तेव्हा राजनैतिक संरक्षणामुळे वकिलातीतल्या सगळ्यांना ब्रिटनने मुकाट जाऊ दिले होते आणि संबंध तोडले होते.

लिबियाचा बचाव कायद्याचा होता आणि तो पोकळ नव्हता. विमानांवरच्या घातपातांबद्दल १९७१ चा माँट्रियल करार आहे. त्यानुसार संशयित ज्या देशात सापडेल, त्या देशाने एकतर त्याला सोपवावे किंवा स्वतः त्याच्यावर खटला भरावा. आमच्या कायद्यात स्वतःचे नागरिक परक्या देशाला सोपवता येत नाहीत, तेव्हा खटला आम्ही चालवतो, तुम्ही पुरावे द्या, असे लिबियाने सांगितले आणि ३ मार्च १९९२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अमेरिका व ब्रिटनविरुद्ध दावे दाखल केले. ज्या सरकारवर घातपाताचा संशय आहे त्याच सरकारने आपल्याच माणसांचा न्याय करायचा, हे मृतांच्या नातेवाइकांना पटणे शक्य नव्हते. पण कराराची अक्षरे लिबियाच्या बाजूला होती.

अमेरिका आणि ब्रिटनने मग करारापेक्षा वरचढ अधिकाराचा आधार घेतला. सुरक्षा परिषदेने २१ जानेवारी १९९२ रोजी ठराव ७३१ एकमताने मंजूर केला आणि लिबियाने सहकार्य करावे असे बजावले. त्याने काही हलले नाही. ३१ मार्चला ठराव ७४८ आला. हेगमधल्या तातडीच्या सुनावणीला तेव्हा तीन दिवस झाले होते आणि निकाल यायचा होता. या ठरावाने लिबियाची आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद केली, शस्त्रविक्रीवर बंदी घातली आणि सगळ्या देशांना आपल्याकडच्या लिबियन वकिलातीतली माणसे कमी करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने १० मते पडली, विरोधात एकही नाही, पाच देश तटस्थ राहिले. चीन, मोरोक्को, झिम्बाब्वे, केप व्हर्दे आणि पाचवा भारत. भारत त्या वर्षी परिषदेचा अस्थायी सदस्य होता. अलिप्त राष्ट्रांचा सूर तेव्हा वाटाघाटींना आणि न्यायालयाला वेळ द्यावा असा होता. दोनच आठवड्यांत, १४ एप्रिलला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ११ विरुद्ध ५ मतांनी लिबियाला अंतरिम दिलासा नाकारला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतून येणारे बंधन इतर करारांच्या वर असते, हा सनदेच्या १०३ व्या कलमाचा अर्थ त्यासाठी पुढे आला.

इथे काळाची साथ किती मोलाची होती ते पाहावे. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ च्या शेवटच्या आठवड्यात विसर्जित झाला आणि ठराव ७३१ त्यानंतर महिन्याभरात आला. तीन-चार वर्षे आधी लिबियावर निर्बंध लादायचे म्हटले असते तर मॉस्कोने नकाराधिकार वापरला असता असे मानायला भरपूर जागा आहे. १९९२ मध्ये रशियाने बाजूने मत दिले आणि चीनने तटस्थ राहणे पत्करले. पुरावा तोच, गुन्हा तोच, पण नकाराधिकाराचा हात वर गेला नाही म्हणून दार उघडले.

निर्बंधांचा फास पुढच्या वर्षी आणखी आवळला गेला. नोव्हेंबर १९९३ च्या ठराव ८८३ ने लिबियाची परदेशातली काही मालमत्ता गोठवली आणि तेलशुद्धीकरणाच्या यंत्रसामग्रीवर बंदी आणली. तेलाची विक्री मात्र चालूच राहिली, कारण इटलीसारख्या युरोपीय देशांच्या चुली त्या तेलावर पेटत होत्या. नाक दाबले की तोंड उघडते म्हणतात. लिबियाचे नाक पुरते दाबले गेले नाही, अर्धेच दाबले गेले, आणि त्यामुळे तोंड उघडायला सात वर्षे लागली. त्या सात वर्षांत त्रिपोलीहून परदेशी जायचे तर ट्युनिशियापर्यंत मोटारीने किंवा माल्टापर्यंत बोटीने जावे लागे. त्याचा जाच राज्यकर्त्यांपेक्षा साध्या लिबियन माणसाला अधिक झाला, हेही नोंदवायला हवे.

या काळात फ्रान्सचा स्वतंत्र लढा चालला होता. लॉकरबीनंतर नऊ महिन्यांनी, १९ सप्टेंबर १९८९ रोजी, ब्राझाव्हिलहून चाडमार्गे पॅरिसला निघालेले यूटीए कंपनीचे विमान नायजरच्या तेनेरे वाळवंटावर स्फोटाने फुटले आणि १७० जण गेले. फ्रेंच न्यायालयाने १९९९ मध्ये सहा लिबियनांना त्यांच्या गैरहजेरीतच दोषी ठरवले. त्यांत गद्दाफींचे साडू अब्दुल्ला सेनुसीही होते. पुढे मृतांच्या कुटुंबीयांनी भर वाळवंटात काळ्या दगडांचे स्मारक रचले. त्याच्या कडेने १७० फुटके आरसे आहेत आणि तिथेच त्या विमानाच्या पंखाचा तुकडा उभा केला आहे.

तिढा सुटण्याची कल्पना कोणत्याही परराष्ट्र मंत्रालयात जन्मली नाही. रॉबर्ट ब्लॅक हे एडिंबरा विद्यापीठात स्कॉटिश कायद्याचे प्राध्यापक होते आणि त्यांचा जन्म लॉकरबीचा. खटला स्कॉटलंडच्या कायद्याने चालवा, पण तो तटस्थ देशात भरवा, अशी योजना त्यांनी १९९४ च्या सुरुवातीला मांडली. लिबियाची ना नव्हती. वॉशिंग्टन आणि लंडन मात्र अडून बसले. खटला होईल तर स्कॉटलंडमध्ये किंवा अमेरिकेत, यापलीकडे बोलायचेच नाही, अशी त्यांची भूमिका होती. मृतांचे काही नातेवाईक सरकारांच्या पुढे चालत होते. डॉ. जिम स्वायर या इंग्रज डॉक्टरांची २३ वर्षांची लेक फ्लोरा त्या विमानात होती. ते १९९१ मध्येच थेट त्रिपोलीला गेले आणि तिचे छायाचित्र घेऊन गद्दाफींना भेटले. आरोपींना न्यायालयात पाठवा, एवढीच त्यांची विनवणी होती.

मग आफ्रिका मध्ये पडली. ऑक्टोबर १९९७ मध्ये नेल्सन मंडेला अमेरिकेची नाराजी ओढवून घेऊन लिबियाला गेले. हवाई बंदी मोडायची नाही म्हणून ते ट्युनिशियात उतरून मोटारीने सीमा ओलांडून गेले. त्यानंतर काही दिवसांतच, एडिंबरा येथे राष्ट्रकुल परिषद भरली असताना, त्यांनी ब्रिटनला त्याच्याच घरात सुनावले की एकाच देशाने फिर्यादी, वकील आणि न्यायाधीश होऊ नये. २७ वर्षे तुरुंगात काढलेल्या माणसाचे हे बोलणे कोणाला झटकता येणार होते? फेब्रुवारी १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने लिबियाचे दावे ऐकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे ठरवले. जूनमध्ये वागादुगूच्या शिखर परिषदेत आफ्रिकी ऐक्य संघटनेने जाहीर केले की तटस्थ देशातला खटला मान्य झाला नाही, तर सप्टेंबरपासून आफ्रिकी देश हे निर्बंध पाळणार नाहीत. निर्बंध पाळणारेच उरले नाहीत तर हातातले एकुलते हत्यार जाणार, हे लंडन आणि वॉशिंग्टनने ओळखले. २४ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांनी नेदरलँड्समधल्या खटल्याला होकार दिला आणि तीन दिवसांनी सुरक्षा परिषदेने ठराव ११९२ करून त्यावर शिक्कामोर्तब केले.

होकार मिळाल्यावरही सात महिने गेले. मंडेलांचे विश्वासू याकेस खेरवेल आणि सौदी अरेबियाचे अमेरिकेतले राजदूत राजपुत्र बंदर बिन सुलतान यांच्या त्रिपोलीला खेपा चालू होत्या. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान डिसेंबरमध्ये वाळवंटातल्या तंबूत गद्दाफींना भेटून आले. खटला दोन माणसांवर चालेल, राजवट खिळखिळी करण्यासाठी तो वापरला जाणार नाही, असे आश्वासन गद्दाफींना हवे होते आणि अन्नान यांच्या पत्रातून ते मिळाले. या पत्राचा काही कुटुंबीयांना पुढे फार राग आला. तो समजण्यासारखा आहे. हुकूम देणाऱ्यांपर्यंत पोचायचे नाही, असेच जणू आधी ठरले होते. पण ते पत्र गेले नसते तर कॅम्प झाइस्टचे फाटक उघडले नसते, असेही मला वाटते.

५ एप्रिल १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांचे कायदा प्रमुख हान्स कोरेल यांच्या सोबतीने मेग्राही आणि फहिमा विमानाने नेदरलँड्समध्ये उतरले. डच अधिकाऱ्यांनी त्यांना ताब्यात घेतले आणि रीतसर स्कॉटिश पोलिसांच्या हवाली केले. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेचे निर्बंध स्थगित झाले. मंत्र्यांनी केलेली भाषणे कोणाच्या लक्षात राहणार नाहीत, पण हा एक दिवस राजनयाच्या इतिहासात कोरून ठेवण्यासारखा आहे.

खटला ३ मे २००० रोजी सुरू झाला. स्कॉटलंडमध्ये खुनाच्या खटल्याला १५ जणांची ज्युरी बसते. परक्या देशात अनेक महिने १५ सामान्य नागरिकांना कसे अडकवून ठेवणार, आणि इतकी चर्चा झालेल्या प्रकरणात कोरी पाटी असलेली माणसे आणणार कुठून? म्हणून ज्युरीऐवजी लॉर्ड सदरलंड, लॉर्ड कोल्सफील्ड आणि लॉर्ड मॅक्लीन असे तीन न्यायाधीश बसले आणि चौथे राखीव राहिले. प्रेक्षकांच्या जागेपुढे गोळी न भेदणारी काच होती. काचेच्या एकाच बाजूला मृतांचे नातेवाईक आणि आरोपींचे नातेवाईक बसत. कामकाज अरबीतही ऐकवले जाई. सगळ्यांना नेदरलँड्सला येणे शक्य नव्हते, म्हणून न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लंडन आणि डम्फ्रीज इथल्या खास जागी कुटुंबीयांसाठी थेट चित्रण पाठवले जात होते. ८४ दिवस कामकाज चालले आणि दोनशेहून अधिक साक्षी झाल्या. ३१ जानेवारी २००१ रोजी निकाल आला. मेग्राही दोषी, फहिमा निर्दोष. मेग्राहींना जन्मठेप झाली आणि मार्च २००२ मध्ये त्यांचे अपील फेटाळल्यावर त्यांना ग्लासगोच्या तुरुंगात हलवण्यात आले. कॅम्प झाइस्ट पुन्हा डचांकडे गेला.

निकालाने सगळ्यांचे समाधान झाले नाही. दोघांनी मिळून कट केला असा आरोप असताना एकच दोषी कसा, असा प्रश्न उभा राहिला. कपडे विकणाऱ्या माल्टातल्या दुकानदाराने मेग्राहींना ओळखण्यात ठामपणा नव्हता. अन्नान यांनी नेमलेल्या निरीक्षकांपैकी हान्स क्योख्लर यांनी निकालावर उघड टीका केली. डॉ. स्वायर यांचे तर मत झाले की चुकीच्या माणसाला शिक्षा झाली. स्कॉटलंडच्या फेरतपासणी आयोगाने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्याय चुकला असण्याची शक्यता मान्य केली, पण जानेवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली.

राजनयाचे पुढचे प्रकरण पैशांचे होते. ऑगस्ट २००३ मध्ये लिबियाने सुरक्षा परिषदेला पत्र लिहून आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी स्वीकारली आणि प्रत्येक मृतामागे १ कोटी डॉलर, एकूण २७० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची होती. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की ४० टक्के, अमेरिकेचे उठले की आणखी ४० टक्के, आणि दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून नाव वगळले की उरलेले २० टक्के. अमेरिकन कुटुंबांना आपलेच सरकार निर्बंध कधी उठवते याची वाट पाहायला लावणारी ही रचना मला क्रूर वाटते. फ्रान्सने तेव्हा हरकत घेतली, कारण यूटीए विमानाच्या मृतांसाठी लिबियाने आधी दिलेली रक्कम याच्यापुढे अगदीच किरकोळ होती. शेवटी १२ सप्टेंबर २००३ रोजी निर्बंध कायमचे उठले, तेव्हा फ्रान्स आणि अमेरिका तटस्थ राहिले. जानेवारी २००४ मध्ये यूटीएच्या प्रत्येक मृतामागे १० लाख डॉलर ठरले, म्हणजे लॉकरबीच्या दहावा हिस्सा. महिन्याभरात लिबियाचे पंतप्रधान शुक्री घानेम यांनी बीबीसीला सांगून टाकले की ही भरपाई म्हणजे शांतता विकत घेण्यासाठी मोजलेली किंमत होती. अमेरिकेने डोळे वटारताच लिबियाने ते विधान मागे घेतले.

ऑगस्ट २००९ मध्ये स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकअस्किल यांनी कर्करोगाने आजारी असलेल्या मेग्राहींना दयेच्या आधारे सोडले. त्रिपोलीत त्यांचे जंगी स्वागत झाले, अमेरिकेत संताप उसळला. मेग्राही मे २०१२ मध्ये वारले. त्याआधी सात महिने गद्दाफी मारले गेले होते. बॉम्ब बनवल्याचा आरोप असलेले अबू अगीला मसूद डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले आणि त्यांच्यावर वॉशिंग्टनच्या न्यायालयात आरोप ठेवले गेले. त्यांनी ते नाकारले आहेत.

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर आपणही याच वाटेने चाललो. १६६ माणसे गेली, भारताने पाकिस्तानला पुराव्यांची कागदपत्रे दिली आणि १० डिसेंबर २००८ रोजी सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीने लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईदचे नाव यादीत घातले. पण लिबियावर लादले तसे देशावरचे निर्बंध आले नाहीत. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहरचे नाव यादीत यायला मे २०१९ उजाडला, कारण चीन दहा वर्षे आड येत राहिला. १९९२ मध्ये लिबियामागे असा कोणी उभा नव्हता.

मुंबईचा धागा याहूनही जुना आहे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन ॲमचेच ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून निघून कराचीत उतरले आणि अबू निदाल संघटनेच्या चार बंदूकधाऱ्यांनी ते ताब्यात घेतले. सतरा तासांच्या आसपास गेल्यावर विमानातले दिवे मंदावले आणि त्यांनी प्रवाशांवर गोळ्या झाडल्या. सुमारे वीस जण मेले, त्यांत सर्वाधिक भारतीय. मुंबईत वाढलेली विमानसेविका नीरजा भानोत प्रवाशांना बाहेर काढता काढता गेली आणि अशोक चक्राची मानकरी ठरली. या हल्ल्यामागेही लिबियाचे पाठबळ होते असा दावा अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल झाला. २००८ मध्ये अमेरिका आणि लिबियाने सगळे जुने दावे एकदाच मिटवले, लिबियाने १५० कोटी डॉलर भरले, आणि त्यातून पॅन ॲम ७३ च्या बळींनाही भरपाई मिळाली. पण ती फक्त अमेरिकन नागरिकांना. एकाच विमानात, त्याच गोळ्यांनी जखमी झालेल्या भारतीय प्रवाशांना आणि मेलेल्यांच्या घरच्यांना त्या रकमेतून काही मिळाले नाही, कारण त्यांच्या वतीने वाटाघाटीच्या मेजावर कोणी बसलेच नव्हते.

फ्रान्सने यूटीए विमानाच्या १७० मृतांसाठी सुरक्षा परिषदेची वाट अडवून धरली होती. भारतानेही परदेशी भूमीवर मेलेल्या आणि जखमी झालेल्या आपल्या नागरिकांची नावे, त्यांचे वारस आणि त्यांचे दावे यांची कायमची नोंद ठेवावी, आणि अशी कोणतीही तडजोड होत असेल तिथे आपला माणूस बसवावा. पॅन ॲम ७३ मधून वाचलेले कित्येक भारतीय आज हयात आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने त्यांच्यापासून सुरुवात करावी.